खंड पडण्याचे कारण

बडनेरा
८ जून २०२५, रविवार

प्रिय प्रतीक्षा वहिनी,

तुझं शिक्षण दहावीनंतर का थांबलं? आमच्या कॉलेजच्या नव्या प्रवेश अर्जात सातव्या क्रमांकावर हाच प्रश्न आहे. 'शिक्षणात खंड पडण्याचे कारण' असं छापलंय आणि खाली दोन ओळींची जागा आहे. गुरुवारी मी तुझ्या नावाचा अर्ज भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, दहावीचे टक्के, सगळं कुठेही न बघता लिहिलं. सातव्या प्रश्नापाशी पेन थांबलं. अर्ज तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आज तुला लिहायला बसले.

पत्र बघून तुला हसू आलं असेल. पण फोन केला की तू "बरं ताई, अबोली रडून राहिली, ठेवतो" म्हणतेस आणि ठेवतेस. दादाच्या फोनवर लिहावं तर आधी तोच वाचतो. म्हणून पोस्टानं पाठवतेय. तू कशी आहेस? अबोलीचा खोकला गेला का? अकोल्याच्या उन्हात तुमच्या दुकानातली फुलं दुपारपर्यंतही टिकत नाहीत म्हणे. इथे सगळे बरे आहेत. बाबांनी यंदा शेवंती कमी करून गलांडा वाढवलाय आणि रोज एकदा तरी त्याचा पश्चात्ताप करतात.

आता बातमी ऐक. वहिनी, आमचं कॉलेज ओळखू येणार नाही असं झालंय!

तू एकदा माझ्यासोबत दाखला काढायला आली होतीस, आठवतं? पाच खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीतून एकच उत्तर यायचं, "तिकडे विचारा." त्या पाचही खिडक्या आता बंद केल्या. फाटकाजवळच्या खोलीत विद्यार्थी सेवा केंद्र सुरू झालंय. तिथे बसायला खुर्च्या आहेत, पाण्याचा माठ आहे आणि टेबलामागे मी आहे! आमच्या प्राचार्या सत्यवती मॅडमनी मला नियम एकच सांगितलाय. "तिकडे विचारा" म्हणायचं नाही, आपण उठून विचारून यायचं. दिवसभरात माझं इतकं चालणं होतं की नव्या चपलेचा अंगठा परवा तुटला.

आणि या जुलैपासून फुलशेती आणि पुष्परचना असा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू होतोय. वाचलंस ना? आपल्या घरात पहाटे चारपासून जे चालतं त्याचा अभ्यासक्रम! रोपं तयार करणं, फूल तोडल्यावर ताजं ठेवणं, लग्नाच्या मांडवाची सजावट, स्वतःचं दुकान कसं चालवायचं, सगळं. सेमाडोहच्या जंगलाकडच्या पोरांसाठी पर्यटकांना जंगल दाखवायचा एक आहे. सोलर पंप दुरुस्तीचाही आहे, त्याला बुधाजी म्हणून एक गृहस्थ आले. वय छप्पन्न. अर्ज दिला आणि खाली वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, माया नातू बी याच कॉलेजात हाय. त्याच्या वर्गात मले नका टाकजा. माये मार्क त्याले दिसतीन."

हे सगळं कशातून निघालं ते सांगते, कारण मला त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. मागच्या वर्षी आमच्याकडे प्रवेश घेणाऱ्यांकडून खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र मागायचे. स्टॅम्प पेपर आणा, नोटरी करा. निम्मे लोक तिथूनच परत जायचे. सत्यवती मॅडमनी ते बंद केलं आणि साध्या कागदावर कारण लिहून द्या म्हणाल्या. मार्चमध्ये आम्ही ते सगळे कागद सभागृहाच्या फरशीवर पसरले आणि कारणांप्रमाणे ढीग लावत बसलो. एक मोठा ढीग 'गावची बस बंद झाली' असा होता. आता बडनेरा स्टेशनवरून कॉलेजची गाडी सुटते. 'लेकरू लहान' याचा ढीग तर माझ्या गुडघ्यापर्यंत आला. वाचनालयाशेजारची खोली रिकामी करून आता तिथे पाळणाघर आहे. भिंतीवर हत्ती काढलाय, तो थोडा डुकरासारखा दिसतो, पण अबोलीला चालेल. आणि 'सकाळी बाजारात बसावं लागतं' असं लिहिणाऱ्यांसाठी दुपारी बारा ते चारची तुकडी निघाली. लोकांनी खरं लिहिलं म्हणून हे झालं. मी रोज सगळ्यांना सांगते, लाजू नका, खरं कारण लिहा.

तरी लोक लपवतातच. परवा गंगूबाई नावाच्या एक मावशी आल्या. व्यवसाय या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'काही नाही'. मी म्हटलं, "मावशी, मग बोटं हिरवी कशानं झाली?"

"मेथीनं."

"किती वर्षं विकता भाजी?"

"वीस झाले असतीन. पन ते काय काम हाय का बाई? ते त घरचंच हाय."

वहिनी, दहा बायकांपैकी नऊ असंच लिहितात. आणि आता तर अनुभवाचे गुण मिळतात! हाताचं काम परीक्षकांसमोर करून दाखवलं की पहिल्या सहामाहीचं प्रात्यक्षिक माफ. गंगूबाईंचं मी खोडून लिहिलं, 'भाजीविक्री, वीस वर्षे'. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तुझ्या अर्जात मी आधीच ठळक लिहिलंय, 'हार-गजरे तयार करणे व विक्री, सात वर्षे'. तू हार करून दाखवलास तर परीक्षकच शिकतील तुझ्याकडून.

दहावी पास पुरते. तू तर एकाहत्तर टक्क्यांची आहेस. वर्ग दुपारी, अबोली पाळणाघरात, गाडी स्टेशनवरून. प्रवेश तीस जूनपर्यंत. सगळं जुळतं.

फक्त सातवा प्रश्न उरतो.

आधी मी 'लग्न' लिहिणार होते. पण लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या पेटीत साड्यांखाली अकरावीची पुस्तकं होती, ती मीच पाहिली होती. मग वाटलं 'घरची अडचण' लिहावं. तसं लिहिणाऱ्याला मी समोर बसवून विचारते, नेमकी कोणती अडचण? आता मला कोण विचारणार?

सहा वर्षांपूर्वी तू सतरा नंबरचा फॉर्म भरला होतास, घरी बसून बारावीची परीक्षा देण्याचा. त्याचं केंद्र मी शिकत होते त्याच कॉलेजात होतं. फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, सगळं तू एका पिशवीत घालून दादाजवळ दिलंस आणि दादानं ती मला कॉलेजात आणून दिली. संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं, "दादानं उशिरा देली, तारीख काल संपली." तू कणीक मळत होतीस. "जाऊ द्या मंग," एवढंच म्हणालीस.

तारीख संपली नव्हती वहिनी. चार दिवस बाकी होते. केंद्राची खिडकी माझ्या वर्गाच्या समोर होती. चारही दिवस पिशवी माझ्या दप्तरात होती आणि चारही दिवस मी त्या खिडकीवरून गेले.

आदल्या दिवशी आई म्हणाली होती, "प्रतीक्षा परीक्षेले बसली त सकाळी दुकानात रागिणी बसन." माझे तास सातला सुरू व्हायचे. मी ते करू शकत होते, कारण साडेपाचला आपल्या फुलांच्या दुकानात तू बसायचीस. मला भीती वाटली की माझी बी.ए. तिथेच राहील. नंतर सांगीन, पुढच्या वर्षी मीच भरून देईन, असं मी स्वतःला म्हणत राहिले. पुढच्या वर्षी अबोलीची चाहूल लागली, मग तुम्ही अकोल्याला गेलात. मी घरातली पहिली पदवीधर झाले, आणि सगळे मला तेच म्हणतात, आणि तू समोर असलीस की मी तिथून उठून जाते. तुझ्या लक्षात आलं असेल.

अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सातव्या प्रश्नात काय लिहायचं ते तू सांग. माझं नाव लिहायचं असेल तरी लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी अपराधी,
रागिणी

*

अकोला
१३ जून

रागिणीताई,

पत्र भेटलं. तीनदा वाचलं. हे पान अबोलीच्या चित्राच्या वहीतलं हाय, मागून मोर दिसन, तिकडे ध्यान नका देऊ.

पह्यले तुमच्या दादाचं सांगतो. सहा वर्सं मी समजून होती का यायनंच पिशवी मुद्दाम उशिरा देली. बायको शिकली त आपल्याले इचारनार नाही, असं यायले वाटलं असन, हे माया मनात पक्कं बसलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं म्हनले का मी म्हनो, "तुमी येळेवर फॉर्म नेऊन देला का? मंग मिठाचं नका बोलू." ते बिचारे म्हनत, "अवं, मी त त्याच दुपारी नेऊन देला." मी काई ऐकलं नाही. परवा तुमचं पत्र वाचलं आन यायले न मागता दोनदा चहा करून देला. तवापासून हे माया तोंडाकडे पाहून राहिले. "काऊन वं, तुयी तब्येत बरी हाय ना?" मी काई सांगितलं नाही. ते तुमचं काम हाय. तुमीच सांगा.

मले राग आला का? आला. अजून हाय. तुमी येवढ्या हुशार, येक डाव मले इचारून पाह्यलं असतं. ताई सातले जातीन, मी रातच्याले अभ्यास करीन, दोघी मिळून काई तरी केलं असतं. तुमी इचारलंच नाही. हार गुंफता गुंफता हेच मनात येते आन सुई बोटात जाते.

पन खोटं कायले बोलू, शिकाचं मन हाय. इथं दुकानाच्या बाजूले एक बाई बसते, तिले म्हनलं का आमच्या ननदेच्या कॉलेजात फुलाचं शिकवते. ते हासली. मी बी हासली. थोड्या वेळानं तिनंच इचारलं, कितवी पास लागते?

यायले कॉलेजाचं तेवढं सांगितलं, त हे म्हनते, सोमवार ते शुक्रवार तू अबोलीले घेऊन बडनेऱ्याले राय, मी सांभाळतो इथलं. ते ठीक हाय. पन ताई, मी तिथं आली का आत्याबाई, तुमच्या आई, मले आपल्या जागी पहाटे दुकानात बसवतीन. तुमी हापिसात, बाबा वावरात, मंग दुसरं कोन हाय? साडेपाच ते दहा हार, मंग सैपाक, मंग कॉलेज, मंग लेकरू. महिनाभरात मी सोडून देईन. तुमच्या कॉलेजात सगळ्या कारनाचे ढीग केले म्हनता. या कारनाचा ढीग केला का कोनं?

म्हनून एवढंच सांगा. सकाळी दुकानात कोन बसन? याचं उत्तर नसन त अर्ज ड्रॉवरमधेच राहू द्या.

प्रतीक्षा

*

बडनेरा
२१ जून २०२५, शनिवार

प्रिय वहिनी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाळणाघराच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथूनच दादाला फोन लावला. तो टेम्पोत होता. मी सगळं सांगितलं, पिशवी, खिडकी, चार दिवस. पलीकडे टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हन्जे मी सहा वर्सं फुकटचं आयकून घेतलं?"

"हो दादा."

"आन मले वाटे, आईनंच तुले अडवलं असन." शेवटी म्हणाला, "तू लय वाईट केलं, रागिणी." आणि त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. स्टेशनवरून कॉलेजची गाडी किती वाजता सुटते ते विचारत होता. वेळ सांगितली. ठेवता ठेवता म्हणाला, "तिले म्हन, पह्यल्यासारखं बोलत राय. नुसता चहा देते त मले भेव वाटते."

तू लिहिलंस की तुला विचारलंच नाही. वहिनी, मला पिशवीपेक्षा ते जास्त लागलं. पिशवीचं मी सहा वर्षं मनात घोळवत होते, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोघी मिळून बसलो असतो तर खरंच काही निघालं असतं.

सोमवारी संध्याकाळी आई लसूण सोलत होती. मी म्हटलं, "आई, उद्यापासून सकाळचं दुकान माह्याकडे."

"काऊन? नोकरी सुटली?"

"नाही वं. ड्युटी अकरा ते सहा करून घेतली." हे खरं होतं. दुपारच्या तुकडीला संध्याकाळी केंद्रात कोणी भेटत नाही म्हणून सत्यवती मॅडम माणूस शोधतच होत्या. मी अर्ज दिला, त्यांनी उभ्या उभ्या सही केली.

"शिकोलेली पोरगी हार इकन?" आईनं लसूण खाली ठेवला. "पुढच्या मयन्यात वरुडचे पाव्हने तुले पाह्याले येऊन राहिले. त्यायनं दुकानात पाह्यलं त?"

"त एक एक गजरा देईन त्यायले."

आई हसली नाही. मी म्हटलं, "वहिनी बसे तवा त कोनाले काई वाटलं नाही."

"ते सून हाय."

मग मी आईला फॉर्मचं सांगितलं. तिनं खाली ठेवलेला लसूण पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "मी त बोलता बोलता बोलली होती. मले काय ठाऊक तू असं करशीन." बाबा दारात पाय धूत होते, त्यांनी तिथूनच सांगितलं, "बसू दे वं तिले. मले बी पहाटे टोपले उतरवाले कोनी पाह्यजे."

मंगळवारी बसले. हसू नकोस. माझा पहिला हार गिऱ्हाइकाच्या हातात सुटला आणि झेंडू रस्त्यावर गडगडत गेले. मी गाठ मारायचीच विसरले होते! दुसरा इतका आखूड झाला की एक आजोबा म्हणाले, "पोरी, हे देवाच्या गयात घालाचं का मनगटात?" आई तोंडाला पदर लावून हसत होती, आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. बुधवारी बरे झाले. आता मोगऱ्याचा गजरा मला जमतो, पण तुझ्यासारखा घट्ट नाही.

आणि गुरुवारी काय झालं ऐक! भाजीबाजारातली एक बाई हार घ्यायला आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुमी इथं?" मी म्हटलं, हो, मी इथं. ती म्हणाली, "मंग तो फार्म इथंच भरून द्या ना. तिकडे याले मले टाइम कुठं हाय?" फॉर्म माझ्या पिशवीत होतेच. टोपल्याच्या काठावर कागद ठेवून भरला. मागून आई ओरडत होती, "अवं, हार दे आधी, फार्म मंग!" शुक्रवारी आणखी तिघी आल्या. त्यांतल्या एकीला आईनंच हाक मारून बोलावलं, "या, बसा. माही पोरगी फार्म भरून देते." मी सत्यवती मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सोमवारपासून सकाळचे अर्ज केंद्राच्या नावानं तिथेच घ्या, मी तसा कागद काढते. म्हणजे आमच्या सेवा केंद्राची एक शाखा आता फुलाच्या दुकानात निघाली वहिनी!

तुझ्या त्या ढिगाबद्दलही मी मॅडमना विचारलं. असा ढीग आम्ही केलाच नव्हता. घरातलं कोण काम वाटून घेईल, हे अर्जात कुठेच विचारलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या अर्जात तो प्रश्न घालायचं ठरलंय, आणि तो कसा विचारावा हे मी तुलाच विचारणार आहे.

तुझा जो अर्ज मी अर्धा भरला होता तो रद्द केलाय. सोबत कोरा पाठवतेय. तूच भर, नाहीतर भरू नकोस. सातव्या प्रश्नात काय लिहितेस ते मी केंद्रात असले तरी वाचणार नाही, थेट मॅडमकडे जाईल. तुझा राग गेला नसेल तर तो राहू दे. मी त्याची घाई करत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी लिहून पाठवता आलं असतं. पण मी आजवर स्वतःलाच 'पुढच्या वर्षी करीन' असं पुष्कळ म्हटलंय. म्हणून ठरवलं होतं की आधी बसायचं आणि मग लिहायचं. आज पाचवा दिवस. तू यावंस असं मला फार वाटतं, पण तू आली नाहीस तरी यात बदल नाही. सकाळी साडेपाच ते साडेनऊ दुकानात मी बसते.

तुझी नणंद,
रागिणी